सर्पगंधेची मुळी आणि पाऱ्याची नळी

गावात पूर्वी दुखणे म्हटले की ताप, नारू, फार तर दमा. आता आमच्या उमापुरात पारावरच्या गप्पांतही बी.पी.च्या गोळीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. गोळी पुष्कळजण घेतात; पण तिच्यामागे केवढा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मुंबईचा वाटा किती, हे थोड्यांनाच ठाऊक असते. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचकांनी ही हकिकत जरूर ऐकावी.

रक्ताला दाब असतो हे प्रथम एका इंग्रज धर्मोपदेशकाने दाखविले. स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीत काचेची नळी बसविली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. हा प्रयोग त्याने 1733 साली छापून प्रसिद्ध केला. माणसावर असा प्रयोग कोण करू देणार? पुढे 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची याने दंडाला बांधावयाचा पट्टा आणि पाऱ्याची नळी योजिली, आणि 1905 मध्ये रशियाच्या कोरोटकॉफने नळीने धमनीचे ठोके ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत सांगितली.

रोग मोजता आला. पण औषध कोठे होते? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब 300 वर 190 भरला होता. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाही विश्रांती आणि अळणी जेवण यांपलीकडे फारसे काही देता आले नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेतच केम्पनर नावाचे डॉक्टर रोग्यांना नुसता भात आणि फळे देऊन दाब उतरवीत होते. त्या जेवणात मीठ जवळजवळ नसे, हे त्यातले मर्म.

इकडे आपल्या देशात सर्पगंधेची मुळी वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सर्पदंशावर, निद्रानाशावर, वेडावर ती देत. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती दाबावरही चालते असे लिहिले; परंतु जगाने तिकडे लक्ष दिले नाही. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील 50 रोग्यांवर मुळीचा पद्धतशीर उपयोग करून पाहिला, आणि 1949 मध्ये आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तेव्हा कोठे पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. 1957 साली डॉ. वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. वैद्यांकडे मुळी होती, डॉक्टरांकडे नळी होती. दोहोंची गाठ पडली तेव्हा औषध जन्माला आले.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले उत्तेजक द्रव्य रिकामे करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. मात्र कित्येकांचे मन त्याने खिन्न होई. पुढे याहून सोयीची औषधे निघाली आणि आज रेसर्पिन क्वचितच देतात. जंगलातील मुळ्या मात्र एवढ्या उपटल्या गेल्या की वनस्पतीच दुर्मीळ होऊन बसली.

या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली ही की, वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. तो मोजल्यावाचून कळत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ असे म्हणून आपल्या मनाने गोळी सोडणारा माणूस स्वतःच्या मेंदूशी, हृदयाशी आणि मूत्रपिंडांशी जुगार खेळतो. दुसरी ही की, गोळी सारा भार उचलीत नाही. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. पण मीठ, वाढलेले वजन, दारू, तंबाखू, बैठेपणा आणि अपुरी झोप ही पुष्कळशी आपल्या हातची आहेत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचाही पुरता नव्हे. भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचे, पापड आणि या दिवसांतली चकली यांचा हिशेब घरच्या गृहिणीने मनाशी मांडून पाहावा.

दिवाळीत घरोघरी वडीलधारी मंडळी एकत्र जमतात. भाऊबीज आटोपली की त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन दाब मोजून घ्यावा. दंडाला पट्टा बांधावयास दोन मिनिटे लागतात; ती दोन मिनिटे माणसाच्या हाती यावयास रिव्हा-रोचीपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे लागली.