काजळीवर उमटलेला आवाज

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण बहुधा एडिसनपासून शिकवतो. १८७७ साली त्याने फोनोग्राफ बनवला आणि मुद्रित केलेला आवाज पुन्हा ऐकता येऊ लागला. पण आवाज उमटवून ठेवण्याचे काम त्याआधी २० वर्षे फ्रान्समध्ये सुरू झाले होते. स्कॉट नावाच्या मुद्रण-व्यावसायिकाने १८५७ साली 'फोनोटोग्राफ' या यंत्राचे पेटंट घेतले. कर्ण्यात बोलले की त्याच्या टोकाचा पडदा कंप पावे आणि पडद्याला जोडलेला राठ केस दिव्याच्या काजळीने माखलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढी. ही रेघ फक्त पाहण्यासाठी होती. ती ऐकण्याची सोय नव्हती.

हवेचा दाब जसा बदलेल तशी रेघ वळते. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच किंवा टेपवरील कमीअधिक चुंबकत्व यांमागेही हेच तत्त्व आहे. मूळ लहरीची प्रतिकृती ठेवणाऱ्या या पद्धतीला अ‍ॅनालॉग म्हणतात. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते याच पद्धतीने. १९६३ साली आलेली कॅसेटही याच कुळातली.

मग ही पद्धत मागे का पडली? मुख्य अडचण नकलेची होती. कॅसेटवरून कॅसेट भरताना टेपची खरखर गाण्यात मिसळते आणि नकलेच्या नकलेत ती वाढत जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने वेगळा मार्ग धरला. तिच्यासाठी ध्वनिलहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पातळ्यांपैकी एका पातळीचा आकडा म्हणून लिहितात. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले की लहर पुन्हा उभी करता येते. आकडे ० आणि १ यांतच लिहिलेले असल्याने किंचित गडबड झाली तरी ० चा १ होत नाही. म्हणून शंभरावी नक्कलही मुळासारखीच निघते.

मात्र टिकाऊपणाचा हिशेब इतका सरळ नाही. तबकडीवर चरा पडला, तर 'टक्' असा आवाज येऊन गाणे पुढे चालू राहते. अंकीय नोंदीतील थोड्या चुका आपोआप दुरुस्त होतात. पण मर्यादा ओलांडली की तो भाग एकदम नाहीसा होतो. शिवाय आकडे कोणत्या नियमाने मांडले हे ठाऊक नसेल, तर ते मुकेच राहतात.

स्कॉटने १८६० साली काढलेली एक रेघ २००८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने संगणकावर वाचली गेली आणि एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा १४८ वर्षांनी ऐकू आला. रेघेत लहरीचा आकारच होता, म्हणून ती वाचता आली. आणि तिला वाचा फुटली ती अंकीय तंत्रामुळे.

आपल्या शाळांच्या कपाटांत स्नेहसंमेलनाच्या, जुन्या शिक्षकांच्या भाषणांच्या कॅसेट पडून असतील. सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बनवणे २०१० सालीच थांबवले. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळतो आहे तोवर विद्यार्थ्यांकडून त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, एकाहून अधिक नकला ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नयेत.