विस्तव कोणी राखायचा? वाफेच्या इंजिनापासून झोपी जाणाऱ्या संकेतस्थळांपर्यंत

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाला बाजाराने ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी थेट जोडला गेला. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आजचा धागा मात्र त्या काळच्या रेल्वेतील एका दुर्लक्षित कामाविषयी आहे: उभ्या इंजिनाची आग विझू न देणे. फुकट होस्टिंगवर ठेवलेले एखादे संकेतस्थळ उघडताना मिनिटभर जे फिरते वर्तुळ दिसते, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नसे. थंड बॉयलरमध्ये कामापुरती वाफ धरायला कित्येक तास लागत. घाई केली तर असमान तापण्याने बॉयलरच्या पत्र्यांवर ताण येई. म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आग विझवण्याऐवजी दाबून ठेवत. भट्टीच्या दाराजवळ कोळशाचा ढीग रचायचा, हवेची झडप मिटायची आणि आग धुमसत ठेवायची. शेडमधला आगवाला रात्रभर हेच पाहत असे. त्या वेळात इंजिन एक मैलही धावत नसे, कोळसा मात्र जळत असे. हा खर्च कंपनी सोसे, कारण गाडी वेळेवर सुटणे ही तिचीच गरज होती. (वऱ्हाडात हे दृश्य फार जुने नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.) आपल्या आज्या-पणज्या चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत, तेही याच हिशेबाने.

संगणकाच्या इतिहासात हा हिशेब आरंभी उलटा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशभरातील संशोधक छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे तिथे आणत किंवा पाठवत आणि उत्तराची वाट पाहत. यंत्राचा क्षण मोलाचा होता, माणसाचा दिवस स्वस्त. त्याआधीच, १९६१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच यंत्र अनेकांत वाटून देणारी प्रणाली दाखवली होती. ज्याची पाळी नाही त्याचा कार्यक्रम स्मृतीतून बाहेर काढायचा आणि पाळी आली की परत आणायचा. ‘निष्क्रिय असणाऱ्याला बाहेर ठेवा’ ही आजची रीत तिथपर्यंत मागे नेता येते.

आता वेबकडे येऊ. १९९३ च्या सुमारास रुळलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी कार्यक्रम नव्याने सुरू होऊन संपत असे; म्हणजे दर प्रवाशामागे नवी भट्टी. पुढे कार्यक्रम सतत जागा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ती वेगवान होती, पण तिने स्मृती अडवून ठेवली. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या हेरोकूने यातून व्यावहारिक मार्ग काढला. फुकट वापरणाऱ्याचे ॲप काही काळ कुणी उघडले नाही, तर ते झोपवायचे. मोकळी झालेली स्मृती दुसऱ्याच्या कामी येते. पुढचा वाचक आला की कोड पुन्हा आणायचा, भाषेची यंत्रणा व ग्रंथालये चढवायची, डेटाबेसशी जोडणी करायची. तोवर वाचक वर्तुळ पाहतो. आगीचा मालक आणि प्रवाशाचा यजमान इथे वेगळे झाले, म्हणून थांबण्याचा भार प्रवाशावर आला. मला या साऱ्या इतिहासातला खरा सांधा हाच वाटतो.

यावर विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी शोधलेली युक्ती सोपी होती: दुसऱ्या एखाद्या सेवेकडून दर काही मिनिटांनी आपल्याच ॲपला हाक मारायची, म्हणजेच ‘पिंग’ करायचे. हेरोकूवर झोपेची मर्यादा तीस मिनिटांची होती, त्यामुळे पंचवीस मिनिटांनी हाक पुरे. कंपनीने मग तासांचे रेशन लावले. महिन्याला ५५० तास, क्रेडिट कार्डाची पडताळणी केल्यास आणखी ४५०. एकतीस दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात. अखंड जागे ठेवलेले ॲप ५५० तासांत तेविसाव्या दिवशीच आडवे होई. हजार तास मिळाले तरी एकच ॲप महिनाभर चाले, दोन नाहीत. अखेर २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकट सोयच बंद झाली. किती हौशी नकाशे, किल्ल्यांच्या याद्या आणि मोडी लिपीचे सराव त्या दिवसांत मुके झाले असतील, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. दप्तरखान्याला वाळवी लागली तर निदान कागदाचा चुरा उरतो.

आज रेंडरसारख्या सेवेवर फुकट ॲप पंधरा मिनिटांत झोपते आणि जागे व्हायला सुमारे मिनिट घेते. महिन्याला ७५० तास मिळतात, म्हणजे एका ॲपपुरती हाक मारणे गणितात बसते. दहा मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि हाक मुख्य पानाला न देता ‘मी जागा आहे’ एवढेच सांगणाऱ्या हलक्या पत्त्याला द्यावी. मात्र डेटाबेस वेगळा असेल तर तो अशा हाकेने जागा राहत नाही. सुपाबेसचा फुकट प्रकल्प आठवडाभर वापरला नाही की थांबवला जातो. हाक मारण्याचे काम गिटहबच्या वेळापत्रकावर सोपवले, तर सार्वजनिक भांडारात साठ दिवस काही हालचाल न झाल्यास ते वेळापत्रकच बंद पडते. आगवाल्यालाच डुलकी लागते म्हणा ना!

मोठ्या कंपन्यांनी हाच विस्तव विकायलाही काढला. ॲमेझॉनची लॅम्डा सेवा २०१४ मध्ये आली, तेव्हा ‘वापराल तेवढेच पैसे’ हे तिचे आकर्षण होते. थंड सुरुवातीच्या तक्रारी वाढत गेल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये ठरावीक प्रती सदैव तयार ठेवण्याची सशुल्क सोय आली. दाबून ठेवलेल्या आगीचा कोळसा बिलात स्वतंत्र ओळ म्हणून दिसू लागला.

ज्याला पैसे भरणे शक्य आहे त्याने ते भरावेत. पण आपल्यासारख्यांनी आधी विचारावे की इथे इंजिन लागतेच का. गावांच्या नावांची सूची, सनावळी, शिलालेखांची छायाचित्रे ही रोज बदलत नाहीत. ती स्थिर पाने म्हणून ठेवली, तर झोपण्यासारखे काही उरतच नाही. फाइल मागितली की मिळते. आमच्या अभ्यासगटाने तालुक्यातील जुन्या नोंदींची सूची अशीच हलवली. शोध वाचकाच्याच ब्राउझरमध्ये चालतो आणि साध्या फोनवरही पान पटकन उघडते. दुरुस्ती सुचवण्याचा अर्ज तेवढा अजून फुकट ॲपवर आहे. तो झोपतो. त्याच्या बटणाखाली आम्ही लिहून ठेवले आहे: सुरू व्हायला मिनिटभर लागेल, कृपया पान बंद करू नका.