माळवदावरून ऐकलेलं

माझ्या आजीने जन्मात एकही तमाशा पाहिला नाही. तरी तिला तमाशा पाठ होता.

सणसरजवळ, नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यालगत आमची वस्ती. गाव तिथून दीडेक मैल. चैत्रात यात्रेच्या रात्री घरचे पुरुष जेवून, टॉवेल खांद्यावर टाकून गावाकडे निघाले की आजी शिडीने माळवदावर चढायची. तिच्यामागे आई, चुलती आणि आम्ही पोरी. वाकळ अंथरायची, उशाला पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि गावाकडे तोंड करून बसायचं. वारा गावाकडून असला की ढोलकी अशी यायची, जणू कालव्याच्या भरावावरच कुणी वाजवतंय. वारा फिरला की सगळं बुडून जायचं, आणि मग आम्ही गप्प बसून त्याच्या परतण्याची वाट बघायचो.

"गण झाला. आता गवळण लागंल," आजी सांगायची. "ही मावशी बोलतीया. बाप्या असतो बरं का, लुगडं नेसलेला." मग रंगबाजीच्या लावण्या, मग वग. वगातला राजा कधी फसतो, प्रधान कधी उलटतो, ते तिला नुसत्या हलगीच्या चालीवरून कळायचं. पहाटे धार काढायला खाली उतरेपर्यंत ती जागी असायची. हे सगळं ती शिकली ते पंचेचाळीस-पन्नास वर्षं अशीच, अंधारात बसून.

१९८४ च्या सुमाराची ही आठवण. मी तेव्हा आठ वर्षांची. बारामती-इंदापूरकडच्या गाण्याबजावण्याचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात फडमालकांची, शाहिरांची, ढोलकीवाल्यांची नावं येतील, आणि ती यायलाच हवीत. मला मात्र हा इतिहास दुसऱ्या एका गोष्टीवरून सांगावासा वाटतो: गाणं चालू असताना बाया कुठे होत्या.

आधी हे गाणं आमच्या रानात आलं कसं, ते. मूळ पाण्यात आहे. हा सगळा दुष्काळी पट्टा. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आणि मग कारखाने: वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर. माझे वडील कारखान्यात फिटर होते. हंगाम दसरा-दिवाळीच्या पुढे धरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडायचा. तमाशाच्या फडांचं वर्षही तसंच, दसऱ्याला बाहेर पडायचं आणि वैशाखातल्या यात्रा उरकून घरी परतायचं. यात्रेच्या वेळेला उसाचं बिल हातात असायचं, म्हणून वर्गणी निघायची, म्हणून गावचे पंच पाडव्याच्या आसपास नारायणगावला जाऊन राहुट्यांमधून फडाची सुपारी देऊन यायचे. त्या वर्गणीत आमच्या घरचाही वाटा असायचा. ऊस लावताना, खुरपताना, बांधणी करताना आजी, आई, चुलती सगळ्या राबलेल्या. पैसा त्यांच्याही घामाचा, आणि त्या माळवदावर. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मला आज खटकतं.

आजी एकच नाव हात जोडून घ्यायची, विठाबाई नारायणगावकरांचं. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई. दिवस भरलेले असताना ती नाचत होती, कळा सुरू झाल्या तशी पडद्यामागे गेली, बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेली. आमच्या माळवदावर ती दर वर्षी सांगितली जायची. पुरुष ती सांगताना विठाबाईच्या हिमतीबद्दल बोलायचे. आजी विचारायची, "त्या लेकराला पदराखाली कुणी घेतलं असंल गं?"

बायांनी मध्ये उभं राहून ऐकायचं गाणं आमच्याकडे वर्षातून एकदाच यायचं, आषाढाच्या वाटेवर. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसरला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण होतं. शेकडो टाळ एका ठेक्यात पडतात तेव्हा तो आवाज बरगड्यांना लागतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया रिंगणात धावतात, पखवाजी घामाने निथळतात, घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात. त्या गर्दीत आई मला खांद्यावर घ्यायची. तिथे तिला कुणी म्हणायचं नाही, तू इथे कशाला. मोठ्या आवाजाच्या मध्यात उभं राहण्याची चटक मला तिथेच लागली.

मग आला ऑर्केस्ट्रा. पुण्याच्या मेलडी मेकर्सचं नाव तेव्हा सगळीकडे गाजत होतं, आणि त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून गावोगावी किती मंडळं, किती पार्ट्या निघाल्या. गणपतीत भवानीनगरला मी पहिला ऑर्केस्ट्रा पाहिला, सातवीत असताना. ऑर्केस्ट्रा "घरंदाज" होता, म्हणून बायांना परवानगी. ताडपत्रीवर मधोमध सुंभाची दोरी बांधलेली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही. निवेदक, मिमिक्रीवाला, किशोरकुमारचा आवाज काढणारा गायक, आणि जरीची साडी नेसलेली गायिका, जिला प्रत्येक गाण्याला वन्समोअर. मी मात्र मागच्या रांगेतल्या ड्रमवाल्याकडे बघत होते. गाण्यांच्या मध्ये त्याला दोन मिनिटं एकट्याला वाजवायला दिलं. पायाखालचा मोठा ड्रम वाजला की माझ्या छातीत काहीतरी हलायचं. आईचा हात धरून मी म्हटलं, "आई, आत वाजतंय." ती म्हणाली, "मलापण."

त्याच काळातला आणखी एक आवाज म्हणजे बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत ट्रॉलीवर बेंजो पार्टी असायची. नाव बेंजो, पण अमेरिकेतल्या बँजोशी या वाद्याचं नातं नाही. त्याचं मूळ जपानमधलं तैशोगोतो, जे १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवलं. तारा आणि त्यावर टाइपरायटरसारख्या कळा. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आमच्याकडे त्याला पिकअप लावून थेट कर्ण्यात सोडलं. अॅम्प्लिफायरच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज मागितला की ध्वनीच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि सूर फाटतो. वरातीतला बेंजो कायम असा फाटलेला असायचा. म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची. मला तो फाटलेला सूर आवडायचा. तो तसा मुद्दाम काढणारे लोक जगात आहेत, हे मला अजून ठाऊक नव्हतं.

ते कळलं पुण्यात. १९९४ मध्ये मी कॉलेजसाठी तिकडे गेले. वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी पाचगणीची. तिच्याकडे एक वॉकमन आणि चपलांच्या खोक्यात भरून कॅसेटी. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, की क्वीन या बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, आमच्या गावच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. मी नकाशा डोळ्यांपुढे आणला. बारामती, फलटण, वाई, पसरणीचा घाट. आमच्याकडच्या शाळांच्या सहली जातात त्या वाटेवर.

तिच्या खोक्यातून मला मिळाली आयर्न मेडनची 'पॉवरस्लेव्ह'. पहिली गिटार कानात शिरली आणि मी उठून बसले. हा तर बेंजोचाच फाटलेला सूर, पण लगाम घातलेला, हवा तिथे वळणारा. दोन महिन्यांत त्या कॅसेटीची फीत सैल पडली, पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून मी ती ऐकली. सुट्टीत एसटीने घरी जाताना कोऱ्या कॅसेटीवर उतरवून घेतलेला माल पिशवीत असायचा. तो हळूहळू वस्तीवरच्या माझ्या चुलतभावांकडे गेला, त्यांच्याकडून कारखान्याच्या कॉलनीतल्या पोरांकडे. एका पोराने तीच कॅसेट गळिताच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या टेपवर लावली होती. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरवर आयर्न मेडन. तो आवाज मला शेतातून ऐकू आला आणि मी खुरपं टाकून बांधापर्यंत पळाले.

मुंबईत रंगभवनला १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं, तिथे जाण्याची मला फार इच्छा. पण वसतिगृहाचं दार संध्याकाळी सातला बंद व्हायचं. मुलांच्या वसतिगृहातली पोरं रात्रीच्या गाडीने जाऊन येत आणि आल्यावर आम्हाला सांगत, कुणी काय वाजवलं. मी पुन्हा माळवदावरच होते.

पहिली खरी मैफल मिळाली तेव्हा मी एकतीस वर्षांची, एका मुलाची आई. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. आयर्न मेडनचा जगभरचा दौरा त्या दिवशी मुंबईतून सुरू होत होता, आणि बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत सगळ्यांना घेऊन आला होता. माझा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, दोन तिकिटं काढलीत. दादाला विचारून झालंय, आता तुम्ही नाही म्हणू नका." सासूबाईंनी विचारलं, कुणाचा कार्यक्रम. मी म्हटलं, इंग्रजी ऑर्केस्ट्रा. त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं. "जा. आमच्या वेळेला कुणी धाडलं नाही."

मैदानात काळ्या टी-शर्टांचा समुद्र. बायका मोजक्या. मी पंजाबी ड्रेसवर स्वेटर घालून. दिराने मला आपल्या पुढ्यात उभं केलं. दिवे गेले, चर्चिलचं भाषण वाजलं आणि 'एसेस हाय' सुरू झालं. पायाखालची जमीन बेलवाडीसारखी थरथरली. मी किंचाळले, आणि तो आवाज माझा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

पण ज्या गाण्यासाठी मी गेले होते ते होतं 'राइम ऑफ दी एन्शंट मरिनर'. तेरा मिनिटांच्या वरचं. कोलरिजच्या १७९८ मधल्या कवितेवर बेतलेलं: पक्षी मारलेला खलाशी, त्याच्या पापाने मेलेले सोबती, आणि भेटेल त्याला आपली कथा सांगत फिरण्याची त्याला मिळालेली शिक्षा. मध्ये वाद्यं जवळजवळ थांबतात, नुसती बासची एक तार आणि लाकडाच्या करकरण्याचा आवाज. त्या क्षणी मला बारामतीचं कीर्तन आठवलं. त्या कवितेच्या चारच वर्षं आधी, १७९४ मध्ये, आमचे मोरोपंत बारामतीत वारले. कऱ्हेकाठी बसून त्यांनी महाभारत आर्यांत उतरवलं, रामायण तर एकशे आठ प्रकारांनी लिहिलं, आणि त्या आर्या कीर्तनकारांनी दोनशे वर्षं आख्यानात गायल्या. बुवा असेच थांबायचे. झांज दाबून धरायचे, आवाज खाली आणायचे, आणि अभिमन्यू चक्रव्यूहात शिरायचा. हजारो माणसं श्वास धरून गोष्ट ऐकतायत, हे मी आधी पाहिलेलं होतं. म्हणून त्या मैदानात मला परकं वाटलं नाही.

दहाच्या आत सगळं संपलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद केले. आजाऱ्यांचं, अभ्यासाच्या पोरांचं त्याने भलं झालं, हे मला मान्य आहे. पण त्याच दहाच्या काट्याने वगाची पहाट गेली. अकराला सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चालणारा खेळ दोन-अडीच तासांत कोंबायचा म्हटलं की पहिल्यांदा वगच कापला जातो. आमच्या गावच्या यात्रेत हल्ली गण, चार लावण्या, सिनेमाची गाणी आणि राम राम. आजी असती तर दोन तासांत माळवदावरून उतरली असती.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर एका हिवाळ्यात मी आईला अकलूजला घेऊन गेले. १९९० च्या दशकात तिथे लावणी स्पर्धा सुरू झाल्या आणि आमच्या भागातल्या बाया लावणी बघायला जाऊ लागल्या. इंदापूर, सराटी, नीरेचा पूल, पलीकडे अकलूज. आई वाटेत दोनदा म्हणाली, कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं. मंडपात बायांची गर्दी बघून मग गप्प झाली. आम्हाला पुढून चौथ्या रांगेत जागा मिळाली.

ढोलकी सुरू झाली. घुंगरं आली. मी आईकडे पाहिलं तर तिने डोळे मिटलेले.

"आई, बघ की. एवढ्या लांब आलोय."

"थांब जरा," ती म्हणाली. तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती. "आता तोडा घेईल तो... आता बघ हं, आता."

आणि त्याने तोडा घेतला.