वाट दान देणारा लोहार

आजचा प्रश्न साधा वाटेल. मुंबईसारख्या शहरात झाडांच्या सावलीतून, ओढ्याच्या काठाने तासभर निवांत चालता येईल अशी वाट कुठे आहे? उत्तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरांहून थोडं जास्तच जंगल. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड, उत्तरेला ठाणं. कान्हेरीची चढण आहे, शिलोंड्याची पायवाट आहे, ठाण्याकडून येऊर आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा: चहूबाजूंनी शहर वाढत असताना ही वाट उरली कशी?

त्यासाठी आधी कान्हेरीला जाऊ. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंची वस्ती होती. सोपारा आणि कल्याण ही व्यापाराची ठाणी जवळच. तिथल्या माणसांनी दिलेल्या दानांची नोंद ब्राह्मी शिलालेखांत आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. आणि कल्याणच्याच एका लोहाराने काय दिलं असेल? वाट! आता बघा, लेणं दिलं तर त्यात कोण राहणार हे तरी माहीत असतं. वाट देणाऱ्याला मात्र तिच्यावरून कोण चालणार हे कधीच कळत नाही. अनोळखी पावलांसाठी दिलेलं हे दान आहे. बौद्ध परंपरेत चालता चालता ध्यान करण्याला चंक्रमण म्हणतात, हेही इथे लक्षात घ्या.

वस्ती विरळ झाली तरी पावलं थांबली नाहीत. १००९ आणि १०२१ साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. म्हणजे केवळ पाहायला येणाऱ्यांची परंपराही हजार वर्षांची झाली.

पण वाट टिकायची तर भोवतालचं रान टिकायला हवं. ते टिकलं मुख्यतः पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेटावरच्या विहिरी-तळी वाढत्या वस्तीला पुरेनात. मग १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. तलाव स्वच्छ राहायचा तर भोवतीच्या डोंगरउतारांवर वस्ती नको, म्हणून ती जमीन राखली गेली. सौंदर्याचा विचार त्यात फारसा नव्हता. नळाला पाणी हवं होतं. दहिसर नदी याच डोंगरांतून निघते, आणि मिठीला पाणी मिळतं ते विहार-पवईच्या सांडव्यांतून.

राखण्याला कारण नसलं की काय होतं, तेही शेजारीच दिसतं. आरेची जमीन कागदोपत्री दूध वसाहतीची. झाडी तिथेही दाट होती, पण तिला जंगल म्हणायचं की नाही यावर वाद झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं एक-दोन दिवसांत पडली. त्यातली बरीच रात्रीच्या अंधारात.

आता एक अवघड गोष्ट. या रानातल्या कितीतरी पायवाटा वारली आणि इतर आदिवासींच्या पायांनी पडलेल्या आहेत. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जंगल वाचलं, हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेल्या पाड्यांचा प्रश्नही त्याच फायलीत अडकला. तिकीट काढून आलेला आपण निसर्गप्रेमी, आणि लाकूडफाटा आणणारी बाई अतिक्रमण करणारी? राखणं म्हणजे कुणासाठी राखणं, याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते, ज्यांच्या पावलांनी वाट पडली त्यांना वगळून राखलेली वाट अर्धीच राखलेली असते.

तेव्हा पावसाळ्यानंतर जरूर जा. शिलोंड्याला वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जा. बिबट्याचं घर आहे ते. कान्हेरीच्या पायऱ्या चढताना त्या लोहाराची आठवण ठेवा. भिक्षूंनी, धरणवाल्यांनी, आदिवासींनी आपापल्या कारणांसाठी हे रान राखलं. आपल्या पिढीचं कारण कोणतं, हे आपल्यालाच ठरवावं लागेल. ते ठरलं नाही, तर पुढच्यांना द्यायला वाट उरणार नाही.