गळक्या सिमेंटची कुळकथा

‘गुडघ्याची वाटी बदलली’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं तर वाटी बहुधा जागेवरच असते; फार तर तिच्या आतल्या अंगाला प्लास्टिकची चकती बसते. बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं. तिथे धातूचा नवा सांधा बसवायला जे वापरतात त्याला डॉक्टर ‘सिमेंट’ म्हणतात. पांढरी पूड आणि उग्र वासाचा द्रव कालवला की काही मिनिटांत त्याचा दगड होतो. हे सिमेंट चिकटवत नाही. फरशीखालच्या मालासारखं ते फटी भरून सांधा आवळून धरतं.

सांधा आणि जंतू यांचं वैर जुनं आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला. तो पक्का करायला राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचं मिश्रणही त्यांनी केलं होतं. पण त्यांचे रुग्ण क्षयाने सांधे सडलेले. जंतू आधीच घर करून बसलेले, आणि प्रतिजैविकं तर अजून जन्मायची होती. क्षयाच्या सांध्यात हा प्रयोग टिकत नाही, हे शेवटी ग्लुक यांनाच मान्य करावं लागलं.

आजच्या सिमेंटचं कूळ मात्र वेगळं. ते ॲक्रिलिक, म्हणजे १९३३ मध्ये जर्मनीत बाजारात आलेल्या प्लेक्सिग्लासचं भावंड. दुसऱ्या महायुद्धात या प्लेक्सिग्लासमधून वैमानिक बाहेर पाहत होते आणि ॲक्रिलिकच्याच कवळ्या लोकांच्या तोंडात बसत होत्या. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाअखेर खुब्याचा सांधा बसवायला दंतवैद्यांचं हे ॲक्रिलिक उचललं, आणि पुढे गुडघ्यालाही तेच लागलं.

हॅम्बुर्गच्या सांक्ट गेऑर्ग रुग्णालयात हान्स बुखहोल्ट्स ‘पॅलॅकॉस’ नावाचं सिमेंट वापरत. हाडात वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात क्लोरोफिलचा हिरवा रंग घातलेला असतो. सांधे उत्तम बसत, पण काहींमध्ये जंतू शिरत, आणि शिरले की काढता निघत नसत. धातूवर आणि प्लास्टिकवर ते चिकट थर धरून बसतात. त्या निर्जीव पृष्ठभागाला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध तिथे जेमतेम पोचतं.

बुखहोल्ट्स यांना सिमेंटची एक खोड ठाऊक होती: घट्ट झाल्यावरही त्यातला न मुरलेला द्रव पुढे कितीतरी दिवस झिरपत राहतो. मग त्यात कालवलेलं औषधही झिरपेल की! सहकारी एंगेलब्रेख्ट यांच्यासह त्यांनी पेनिसिलिन, एरिथ्रोमायसिन आणि जेंटामायसिन पॅलॅकॉसमध्ये मिसळून पाहिलं आणि १९७० मध्ये निष्कर्ष छापला. सरशी जेंटामायसिनची झाली. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं. ती उष्णता हे औषध सोसतं, पाण्यात विरघळतं आणि पुष्कळ जातींच्या जंतूंना पुरून उरतं. १९६३ मध्ये उजेडात आलेलं हे औषध मायक्रोमोनोस्पोरा या जंतूची देणगी. स्ट्रेप्टोमायसिनचं घराणं वेगळं. म्हणून रोमन लिपीत याच्या शेपटातल्या ‘मा’ला ‘वाय’ न लावता ‘आय’ लावतात. देवनागरीत हा घराणेभेद पुसला जातो.

माल गळका निघाला तर गवंड्याला बोलणी बसतात. इथे गळणं हाच गुण ठरला, असं मला तरी वाटतं. अर्थात त्याला मर्यादा आहे. औषध फार घातलं तर सिमेंट ठिसूळ होतं. त्यामुळे नवा सांधा बसवताना चाळीस ग्रॅमच्या पाकिटामागे अर्धा-एक ग्रॅमच औषध असतं. सढळ हात फक्त पुढे काढूनच टाकायच्या तात्पुरत्या सिमेंटसाठी.

जंतू शिरलेल्या सांध्याचं करायचं काय, यावर दोन घराणी झाली. हॅम्बुर्गचं म्हणणं: जुना सांधा उपटा, जागा खरवडून धुवा आणि औषधी सिमेंटने त्याच बैठकीत नवा बसवा. १९८१ मध्ये त्यांनी खुब्याच्या ५८३ रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्याच फेरीत ७७ टक्के यश. न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांना एवढी घाई पसंत नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी ११ गुडघ्यांचा अनुभव लिहिला: सांधा काढा, सहा आठवडे शिरेतून औषध द्या, मगच नवा बसवा.

त्या सहा आठवड्यांत पाय नुसता लोंबायचा. मोकळ्या जागेत मांस आक्रसायचं. म्हणून पुढे तिथे औषधी सिमेंटचा ठोकळा ठेवू लागले. आपल्याकडच्या वॉर्डांतही त्याला ‘स्पेसर’च म्हणतात. ठोकळ्याने पाय ताठच राही. १९९५ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एरन हॉफमन यांनी काढलेलाच मांडीकडचा धातूचा भाग निर्जंतुक करून औषधी सिमेंटवर परत टेकवला, आणि गुडघा मधल्या काळातही वाकू लागला.

स्पेसरमधून पहिल्या काही दिवसांत औषधाचा लोंढा येतो, मग नुसती झिरप उरते. तीही आटली की आत राहतं साधं प्लास्टिक, आणि त्यावर चिकटायला जंतू पुन्हा मोकळे. म्हणून सर्जन तारीख ठरवून तो बाहेर काढतात.