बर्फाच्या भरवशावर केलेला करार

अमेरिका आणि डेन्मार्क यांनी १९५१ साली ग्रीनलँडच्या संरक्षणाचा करार केला. शीतयुद्धाचे दिवस होते. सोव्हिएत विमाने ध्रुवावरून येतील या भीतीने वायव्य ग्रीनलँडमध्ये थुले येथे मोठा हवाई तळ उभा राहिला. मे १९५३ मध्ये तिथल्या इनुइट शिकारी कुटुंबांना अवघ्या काही दिवसांत घरे सोडून दूर उत्तरेला जावे लागले. लगेच ५ जूनला नवी डॅनिश राज्यघटना आली आणि ग्रीनलँडचा वसाहतीचा दर्जा संपला. म्हणजे समान नागरिक होण्याच्या ऐन तोंडावर ही माणसे बेघर झाली. इतिहासात तारखाच कधी कधी सगळे बोलून जातात.

१९५९ मध्ये तळापासून सुमारे २४० किलोमीटर आत, बर्फाच्या पोटात, अमेरिकी लष्कराने ‘कॅम्प सेंच्युरी’ खोदला. जगाला सांगितले, हे संशोधन केंद्र आहे. वीज चक्क अणुभट्टीची! आतला बेत वेगळा होता: बर्फाखाली हजारो किलोमीटरचे बोगदे आणि त्यांत ६०० अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रे. पण बर्फ सरकत होता, बोगदे आवळत होते. अणुभट्टी काढून नेली, १९६७ मध्ये छावणी सोडली. डिझेल, रसायने, सांडपाणी तिथेच राहिले. बर्फ सगळे कायमचे गाडून टाकील, हा हिशेब.

गंमत अशी, की याच छावणीत १९६६ साली सुमारे १,३९० मीटर खोल, थेट खडकापर्यंत बर्फ कोरून काढला गेला. हवामान पूर्वी किती झपाट्याने बदलले होते, हे त्याच बर्फाने शास्त्रज्ञांना सांगितले.

उर्दूत ‘करार’ म्हणजे स्थैर्यही. १९५१ च्या कराराने बर्फाचे स्थैर्य गृहीतच धरले होते. २०१६ मध्ये संशोधकांनी इशारा दिला, की या शतकाच्या अखेरीस तिथे साचण्यापेक्षा वितळणे जास्त होऊ शकेल. नंतरच्या मोजणीनुसार २१०० पर्यंत तरी वितळलेले पाणी त्या कचऱ्यापर्यंत पोचणार नाही. ठीक, पण त्यानंतर तो उपसायचा कुणी? कचरा अमेरिकेचा, परवानगी डेन्मार्कची, जमीन ग्रीनलँडची. २००९ च्या स्वराज्य कायद्याने खनिजे ग्रीनलँडच्या हाती आली, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण मात्र कोपनहेगनकडेच राहिले. आज बर्फ हटतो तसा त्या खनिजांवर आणि सागरी मार्गांवर बड्यांचा डोळा आहे. २०१९ मध्ये तर अमेरिकी अध्यक्षांनी बेट विकत घेण्याचीच भाषा केली.

थुलेच्या विस्थापितांना १९९९ मध्ये डॅनिश न्यायालयाने भरपाई दिली, २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जुन्या जागी परतण्याचा हक्क मात्र त्यांना मिळाला नाही. तळ अजून तिथेच आहे.