महाराज कोर्टात

कोर्टात कारकुनी करूनच माझे केस पिकले, पण 1862चा महाराज लायबल खटला वाचायला घेतला की चहा अजून गार होतो. पत्रकार करसनदास मुळजींनी 1860 साली ‘सत्यप्रकाश’ या आपल्या पत्रात लिहिलं की तन-मन-धन अर्पण करून घेण्याच्या नावाखाली वल्लभ संप्रदायाचे महाराज, म्हणजे धर्मगुरू, भक्तांच्या लेकीसुनांशी व्यभिचार करतात. त्यांच्यापैकीच जदुनाथजी महाराजांनी 50,000 रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, असं त्यांच्या भक्तांपैकी भाटिया जातीच्या मंडळींनी ठरवलं होतं. त्याबद्दल वेगळा खटला होऊन पुढाऱ्यांना दंड बसला. (वा रे भक्ती!)

मूळ खटल्यात संप्रदायाच्या ग्रंथांवरून शास्त्रार्थाचा खल पुष्कळ झाला. तो सोडून देऊ. मला महत्त्वाची वाटते ती डॉ. भाऊ दाजींची साक्ष. महाराजांवर उपदंशाचे उपचार केल्याचं त्यांनी शपथेवर सांगितलं. रोग्याचं गुपित डॉक्टरनं असं चव्हाट्यावर आणावं का, हे मला आजही टोचतं. पण ग्रंथांचा अर्थ हवा तसा फिरवता येतो, औषधोपचाराचा नाही.

एप्रिलमध्ये आरोप खरे ठरले, करसनदासांना दाव्याचा खर्चही मिळाला. पुढच्या वर्षी ते विलायतेला गेले, तेव्हा जातीनं त्यांना वाळीत टाकलं, समुद्र ओलांडला म्हणून.